माणूस बदलला, पण पट्टी बदलली का?

प्रश्न सांगलीहून आलाय. विचारणारा २३ वर्षांचा, बेस गिटार वाजवतो, बँडची गाणी तोच लिहितो. चार वर्षांत त्याच्या बँडमधून पाच जण गेले: दोन ड्रमर, दोन गिटारवाले आणि आता गायक. कुणीतरी त्याची समजूत घातली की इंग्लंडचा हेवी मेटल बँड आयर्न मेडनसुद्धा असाच माणसं बदलत बदलत मोठा झाला, काळजी करू नकोस. तो विचारतो, ‘दादा, हे खरं आहे का? आणि गायक बदलायचा तर नक्की काय बघायचं?’ नव्या गायकासाठी त्याच्यासमोर दोन नावं आहेत. एक मुलगा, जो मेडनची गाणी हुबेहूब उंच सुरात म्हणतो. दुसरी मिरजेत शास्त्रीय शिकलेली मुलगी, जिचा आवाज बायकांच्या मानाने खालचा आहे आणि जिने मेटल कधी गायलेलं नाही.

अर्धं खरं आहे. मेडनमधून माणसं भरपूर गेली. पण माणसं गेली म्हणून बँड मोठा झाला, हे म्हणजे भांडी फुटली म्हणून स्वयंपाक चांगला झाला म्हणण्यासारखं आहे.

मी पंचवीस वर्षं बेस वाजवतोय आणि त्यातली बारा पुण्यात जॅम रूम चालवतोय. तासाच्या भाड्याने खोली घेऊन आत भांडणारे बँड इतके बघितलेत, की दार बंद असलं तरी आज कोण जाणार ते मला बाहेरून कळतं. ड्रम थांबले आणि गिटार चालूच राहिली, तर ड्रमर. सगळंच थांबलं आणि कोणी काही बोलत नाही, तर गायक. तेव्हा मेडनची गोष्ट सांगतो ती या कानाने ऐकलेली.

स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळच्या दिवशी पूर्व लंडनमधल्या लेटन भागात हा बँड काढला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. त्याआधी तो स्माइलर नावाच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. तिथल्या मंडळींना त्याची गाणी फार गुंतागुंतीची वाटायची, म्हणून तो बाहेर पडला. म्हणजे मेडनच्या गोष्टीतला पहिला सोडून जाणारा माणूस हॅरिस स्वतःच, आणि तो गेला गाण्यांसाठी. इथून पुढे पहिला अल्बम येईपर्यंतच्या चार-साडेचार वर्षांत डझनाहून जास्त माणसं आली आणि गेली. टिकला फक्त हॅरिस आणि त्याची वही. पहिल्या दोन अल्बममधली बरीचशी गाणी याच धावपळीच्या काळात तयार होऊन पबमध्ये वाजून वाजून घोटली गेली. गायक बदलले, गिटारवाले बदलले, गाणी तीच राहिली. तुझी गाणी तूच लिहितोस म्हणून हे आधी सांगितलं. तुझ्याकडून पाच माणसं गेली, पण गाणी गेलेली नाहीत.

पहिला गायक पॉल डे. गळा ठीक होता, पण मंचावर तो थंड पडायचा. १९७६ मध्ये त्याच्या जागी डेनिस विल्कॉक आला. हा किस बँडचा भक्त, त्यामुळे तोंडाला रंग, आग, खोटं रक्त, सगळा तमाशा. त्याने एक गोष्ट मात्र सोन्यासारखी केली. डेव्ह मरे नावाचा आपला मित्र गिटारवर आणला. जुन्या दोन गिटारवाल्यांना ते काही रुचलं नाही आणि ते गेले.

आता १९७७ नीट बघ, कारण असा वाह्यातपणा प्रत्येक बँड एकदा तरी करतो. मरेसोबत दुसरा गिटारवाला घेतला, त्याचं आणि मरेचं जमेना. विल्कॉकने हॅरिसच्या कानाशी लागून ज्या मरेला स्वतः आणलं होतं त्यालाच काढायला लावलं. ड्रमरही गेला. मग नवी मांडणी झाली: एकच गिटार, नवा ड्रमर आणि चक्क कीबोर्ड. नोव्हेंबरमध्ये कॅनिंग टाउनच्या ब्रिजहाउस पबमध्ये हा संच एकदा वाजला आणि तेवढ्यावरच आटोपला. ड्रमर बदलून डग सॅम्पसनला घेतलं, कीबोर्डवाल्याला निरोप दिला. पाठोपाठ विल्कॉकही गेला आणि मरे परत आला.

बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटेल. बेसवाल्याच्या नजरेतून बघ. हॅरिस बेस दोन बोटांनी वाजवतो, पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरत नाही, आणि त्याचा लाडका ठेका म्हणजे एक लांब नि दोन आखूड ठोके. लहान मुलाला मांडीवर घेऊन आपण ‘टबडक टबडक’ करतो ना, तोच. या धावत्या बेसच्या डोक्यावर त्याला दोन गिटारी हव्या असतात. एक जी धून वाजवते तीच दुसरी दोन स्वर वरून वाजवते, जशा दोन सनया जोडीने चालाव्यात. कीबोर्डचा स्वर पसरतो, लांबतो आणि नेमकी बेस आणि गिटार यांच्यामधली हवा खाऊन टाकतो. त्या वर्षी हॅरिसने नवीन माणूस शोधला तो ‘काहीतरी वेगळं करू’ म्हणून. गाण्यात काय कमी पडतंय हे कोणी विचारलंच नाही. एका कार्यक्रमात उत्तर मिळालं आणि त्याने ते मान्य केलं. मरेला परत बोलावताना त्याला किती ओशाळं वाटलं असेल, याचा विचार मी कधी कधी करतो. माझ्याच्याने झालं नसतं.

या हकालपट्टीच्या काळात मरे काही महिने अर्चिन नावाच्या बँडमध्ये जाऊन वाजवत होता. तो बँड होता त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताचा, एड्रियन स्मिथचा. हे नाव लक्षात ठेव.

पुढची दोन वर्षं भराभर सांगतो. १९७८ च्या शेवटी पॉल डिआनो गायला आला. ३० आणि ३१ डिसेंबरला, म्हणजे जग नव्या वर्षाच्या पार्टीत असताना, हे लोक केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड करत होते. मास्टर टेप विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते. काही दिवसांनी घ्यायला गेले तर ती पुसली गेलेली. पण हातात आलेली प्रत वायव्य लंडनमधल्या साउंडहाउसमध्ये रेकॉर्ड लावणाऱ्या नील के याच्याकडे पोहोचली आणि तिथल्या गर्दीने ती उचलून धरली. रॉड स्मॉलवुड मॅनेजर म्हणून मिळाला. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यातली तीन गाणी ‘द साउंडहाउस टेप्स’ नावाने स्वतःच काढली, ५,००० प्रती संपल्या आणि डिसेंबरमध्ये ईएमआयशी करार झाला. इकडे कराराची शाई वाळतेय तोच सॅम्पसन तब्येतीमुळे गेला. क्लाइव्ह बर ड्रमवर आला, डेनिस स्ट्रॅटन दुसऱ्या गिटारवर. एप्रिल १९८० मध्ये पहिला अल्बम थेट ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथा. स्ट्रॅटन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला, त्याचा पिंड जरा मऊ संगीताचा होता. त्याच्या जागी आला एड्रियन स्मिथ. एका वर्षापूर्वी हीच जागा त्याला देऊ केली होती तेव्हा त्याने नाही म्हटलं होतं, कारण स्वतःचा बँड सोडवत नव्हता. आता अर्चिन संपला होता.

मरे आणि स्मिथ पोरवयापासून एकत्र वाजवत होते, आणि दोघांचा हात अगदी वेगळा आहे. मरेचा डावा हात तारांवरून तेल लावल्यासारखा घसरतो, सगळे स्वर एकमेकांत मिसळलेले. स्मिथ स्वर तोडून, विचार करून टाकतो, त्याचा सोलो तुला गुणगुणता येतो. आमच्याकडे दोन गिटारवाले सारखेच वाजवतात आणि मग मोठ्याने कोण यावर भांडतात. तुझे दोन गिटारवाले का गेले ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे.

आता मुख्य गोष्ट, १९८१.

डिआनोचा आवाज रस्त्यावरचा होता. खरखरीत, रागीट, थोडा पंकच्या अंगाने जाणारा. त्या गाण्यांना तो फिट्ट बसायचा आणि आजही पहिला अल्बम मला त्याच्याशिवाय ऐकवत नाही. पण कोकेन आणि रात्रीबेरात्रीच्या पार्ट्यांनी गळा आणि माणूस दोन्ही उतरायला लागले. दौऱ्यातले काही कार्यक्रम रद्द करावे लागले. ऑगस्टमध्ये रेडिंगच्या महोत्सवात सॅमसन बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याला स्मॉलवुड गाठून बोलला. १० सप्टेंबरला कोपनहेगनमध्ये डिआनोचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २६ ऑक्टोबरला इटलीत बोलोन्याला डिकिन्सन गात होता. दीड महिना. २२ मार्च १९८२ रोजी ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

सगळे सांगतात की चांगला गायक मिळाला आणि बँड वर गेला. मला ते पुरेसं वाटत नाही. दुसरा अल्बम ‘किलर्स’ आला तोपर्यंत पबच्या दिवसांतला गाण्यांचा साठा जवळजवळ संपला होता. तिसऱ्यासाठी वही कोरी होती. म्हणजे डिकिन्सन आल्यावर हॅरिसला गाणी नव्याने लिहावीच लागली आणि ती त्याने समोर उभ्या असलेल्या गळ्यासाठी लिहिली. तार सप्तकात लांब ओढलेले स्वर, शब्दांची गर्दी, मध्येच थांबून नाटकासारखं बोलणं. डिआनोला हे झेपलं नसतं आणि त्याच्यासाठी कोणी लिहिलंही नसतं. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या काही ओळी निर्माता मार्टिन बर्चने डिकिन्सनकडून तासन्‌तास पुन्हा पुन्हा गाऊन घेतल्या. ओरडणाऱ्या गायकाला हळू बोलायला लावायचं आणि मग ती लांबलचक किंकाळी. नवीन माणूस काय काय करू शकतो, हे आधी नीट बघून मग रचलेलं काम आहे ते.

स्मिथही याच अल्बमवर पहिल्यांदा गीतकार-संगीतकार म्हणून नाव लावतो. ‘२२ अकेशिया अव्हेन्यू’ची मुळं तर त्याच्या अर्चिनच्या काळातल्या गाण्यात आहेत. डिकिन्सनचं नाव गाण्यांवर नाही, कारण जुन्या बँडच्या कराराच्या कटकटी होत्या. पण त्याचा हात होताच. मेडनमध्ये नवा माणूस आला की त्याने जुनी गाणी पाठ करून भागायचं नाही, त्याच्याकडचं काहीतरी गाण्यात उतरायचं.

ड्रमच्या बाबतीतही तेच. १९८२ च्या अखेरीस क्लाइव्ह बर गेला. त्याच्या हातात एक झोका होता, ठोका किंचित लवून पडायचा. ‘रन टू द हिल्स’ची सुरुवात ऐक, तो ड्रम एकट्याने गाणं उभं करतो. नंतर त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला, मेडनने त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केले आणि २०१३ मध्ये तो वारला. त्याच्या जागी आला निको मॅकब्रेन. हाही काही जाहिरात देऊन मिळालेला नाही. तो फ्रान्सच्या ट्रस्ट बँडमध्ये वाजवायचा आणि ट्रस्ट मेडनच्या आधी मंचावर यायचा. म्हणजे रोज संध्याकाळी बाजूला उभं राहून ऐकलेला माणूस. निकोचा उजवा पाय एका पेडलवर जे करतो ते करायला बाकीचे ड्रमर दोन पेडल लावतात. आणि १९८३ चा ‘पीस ऑफ माइंड’ सुरू कशाने होतो? निकोच्या ड्रमच्या एका आडदांड फेकीने. पहिल्या गाण्याचा पहिला सेकंद नव्या माणसाला दिला. श्रोत्याला वेगळी ओळख करून द्यावीच लागली नाही.

हा पाच जणांचा संच सात वर्षं टिकला. १९८४-८५ मध्ये त्यांनी अकरा महिन्यांत १८० च्या वर कार्यक्रम केले, ज्याचा शीण पुढे अनेक वर्षं उतरला नाही. १९८८ मध्ये डॉनिंग्टनच्या महोत्सवाला एक लाखावर माणसं आली. १९९० मध्ये स्मिथ गेला, कारण बँडला पुन्हा ओबडधोबड वाजवायचं होतं आणि त्याला ते मागे जाणं वाटत होतं. डिकिन्सनच्या स्वतंत्र अल्बमवर वाजवलेला यानिक गेर्स आत आला. तिथे माझ्या मते गाण्यांची वीण सैल झाली. १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला.

आणि इथे तुझ्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे.

१९९४ मध्ये ब्लेझ बेली आला. वुल्फ्सबेन बँडचा गायक, मेहनती, मनापासून गाणारा, लोकांत मिसळणारा. आवाज भरदार, पण खालचा. त्याच्यासाठी हॅरिसने जी नवी गाणी लिहिली त्यातली काही अस्सल आहेत. ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ पुढे डिकिन्सननेही वर्षानुवर्षं मंचावर गायली. घोळ झाला तो संध्याकाळी दोन तासांच्या सेटमध्ये, म्हणजे मंचावर सलग वाजायच्या गाण्यांमध्ये. लोकांना जुनी गाणी हवी असतात. ती डिकिन्सनच्या गळ्यासाठी लिहिलेली आणि मेडनने गिटारी काही खाली उतरवल्या नाहीत. मूळ पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ जिथे धरतात ती उंची, तीच ठेवली. खालच्या आवाजाच्या माणसाने रोज रात्री उंच आवाजाच्या माणसाची गाणी त्याच जागेवरून म्हणायची. गळ्याच्या तक्रारींनी कार्यक्रम रद्द व्हायला लागले. १९९५ चा अल्बम ब्रिटनमध्ये आठवा, १९९८ चा सोळावा. अमेरिकेत छोट्या जागांमध्ये वाजवायची वेळ आली. लोकांनी खापर फोडलं ते ब्लेझवर. आजही फोडतात आणि मला त्याचा राग येतो.

राग येण्याचं कारण खासगी आहे. २००४ मध्ये आमच्या बँडचा गायक एमएस करायला अमेरिकेला गेला. पुण्यातले निम्मे बँड याच कारणाने मेलेत. आम्ही नवीन मुलगा घेतला, आवाज असा की खर्जात गायला लागला की ॲम्पची जाळी थरथरायची. आम्ही खूश. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवात पहिला मोठा कार्यक्रम. पहिली दोन गाणी निघाली. तिसऱ्याच्या ध्रुवपदाला त्याने मान वर केली, गळ्याच्या शिरा दिसल्या आणि स्वर चिरला. समोरून हसण्याचा आवाज आला. त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, पुन्हा गेला, पुन्हा चिरला. चौथ्या गाण्यात तो वरचे स्वर नुसते ओठांनी करत होता आणि मी माझ्या बेसकडे बघत होतो, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये. महिनाभराने त्याने सोडलं. जाताना एवढंच म्हणाला, ‘तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, मला कुठली पट्टी लागते ते.’ त्याची आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. तिला हे पाच मिनिटांत कळलं असतं. आम्हाला गिटार पांढरी तीनमध्ये लावलेली असते म्हणून सगळी दुनिया पांढरी तीनमध्ये गाते असं वाटायचं.

मेडनकडे परत येतो. जानेवारी १९९९ मध्ये ब्रायटनला बैठक झाली. डिकिन्सन परत आला, सोबत स्मिथही आला. साधा हिशेब असता तर गेर्सला नारळ दिला असता, गिटारवाले दोनच लागतात. त्यांनी त्याला ठेवलं. तीन गिटारी. माझ्या मते त्यांच्या सगळ्या बदलांतला हा सर्वात धाडसी, कारण तीन गिटारी एकत्र वाजल्या की बहुतेक वेळा चिखल होतो. २००० चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ऐक. दोन गिटारी जोडधून धरतात, तिसरी खाली ठेका सांभाळते. पूर्वी दोघे धून वाजवायला वर गेले की खाली एकटा बेस उरायचा, ती पोकळी आता भरली. कीबोर्डने जे १९७७ मध्ये बिघडवलं तेच काम, पण तारांवर आणि हॅरिसच्या वाटेत न येता. पुन्हा तेच: माणूस वाढला, तर गाणं त्याच्यासकट लिहिलं.

हे मी रेकॉर्डवरून सांगत नाही. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. त्यांचा जागतिक दौरा मुंबईतून सुरू होत होता. डिकिन्सन वैमानिक आहे हे तुला माहीत असेलच. बँड, कामगार आणि सामान सगळं एकाच बोइंग ७५७ मध्ये घालून ते लंडनहून आले होते. आम्ही पुण्याहून गेलो, धुळीने काळ्या टी-शर्टांचा रंग राखाडी झालेला. मी मंचाच्या डाव्या अंगाला जागा धरली आणि अर्धा कार्यक्रम गेर्सच्या हातांकडे बघत काढला. तो सेट जवळजवळ सगळा ऐंशीच्या दशकातला, म्हणजे दोन गिटारींसाठी लिहिलेला. तिसरा माणूस करतो काय? नाचतो, गिटार हवेत फेकतो, हे सगळे बघतात. मला दिसलं ते असं की वरचे दोघे धुनेत असताना त्याचा उजवा हात बराच वेळ ठेक्यात असायचा. तेरा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारचा एक काका, पन्नाशीचा, डोळे मिटून हाताने टाळी-खाली देत होता. चुकत होता, पण देत होता.

तुझे दोन ड्रमर गेले म्हणून हेही सांगतो. निकोला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. बरा होऊन तो पुन्हा दौऱ्यावर बसला, पण सगळं पूर्वीसारखं वाजत नव्हतं, आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत त्याने दौरे थांबवले. २०२५ च्या दौऱ्यावर सायमन डॉसन बसला. हा कुठला? हॅरिसच्याच दुसऱ्या, छोट्या बँडचा ड्रमर. म्हणजे पुन्हा ओळखीचा, पुन्हा त्याच बेसबरोबर आधी वाजवलेला. बेस आणि ड्रम यांचं जमायला वेळ लागतो, तो वेळ त्यांनी आधीच दुसरीकडे घालवलेला होता. तू तुझ्या पुढच्या ड्रमरबरोबर बँडच्या बाहेर काहीतरी वाजव. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजव, चालेल. सहा महिने.

आता गायक. दोन नावांपैकी कोण हे मी इथून ठरवणार नाही, पण बघायचं कसं ते सांगतो. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलाव. माइक लावू नकोस, गिटार वाजवू नकोस. तुमचंच एक गाणं शब्द देऊन पाठवून ठेव आणि खोलीत आल्यावर कुठलाही स्वर न देता म्हणायला सांग. गळा आपोआप जिथे बसेल ती त्यांची पट्टी. पेटी नसेल तर फोनवरच्या तानपुऱ्यावर ती शोध आणि लिहून ठेव. मग पूर्ण सेट घे, तोही जॅमच्या तिसऱ्या तासाला. ताज्या गळ्याने उंच स्वर कोणीही लावतं. तुझा तो हुबेहूब गाणारा मुलगा तिसऱ्या तासाला वरच्या स्वराला काय करतो, तेवढंच त्याच्याबद्दल जाणून घ्यायचंय.

मुलगी घेतलीस तर गिटार हलवायला लागेल हे धरून चाल. नुसत्या खुंट्या पिळून दीड-दोन पट्ट्या खाली आणल्या तर तारा लोंबतात, पिक लागलं की स्वर डगमगतो. नऊच्या तारा असतील तर अकराच्या, म्हणजे जाड, लाव. बेसला पंचेचाळीसऐवजी पन्नासचा संच. पुलावरचे (तारा जिथे टेकतात तिथले) खोगीर सरकवून बाराव्या पडद्यावर स्वर जुळव, नाहीतर खाली सुरात आणि वर बेसूर असं होईल. हे करायला एक दुपार लागते. किंवा गाणं खाली न आणता वर नेऊन तिच्या तार सप्तकात बसतंय असं तुला दिसलं, तर तसं कर. तिने आसावरी थाटाचे राग गायलेले असणार. मेडनच्या बहुतेक धुनांचे स्वर तेच आहेत, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. तिला ‘मेटल’ शिकवत बसू नकोस. तुझा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी धून, वाजव आणि म्हण, यावर आलाप घे. दहा मिनिटं मध्ये बोलू नकोस.

आणि जो कोणी येईल त्याच्याबरोबर पहिला कार्यक्रम घेण्याआधी एक नवं गाणं लिही. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, नको, जुनं नको. दोन-तीन आठवड्यांत झालं नाही तर कार्यक्रम पुढे ढकल. जुन्या गायकाची जी गाणी नव्याला जात नाहीत ती सरळ सेटमधून काढ. लोक ओरडतील, ओरडू देत.

तारांचे आकडे मी वर लिहिलेत, पण तुझी गिटार कुठली ते कळव. पूल तरंगता असेल तर मागच्या स्प्रिंगाही बदलाव्या लागतील आणि ते काम पहिल्यांदा एकट्याने करू नकोस.